टाकळ्याचा रस

यशोदाबाई : …आन तुजी उंदरं कशी हायेत गो?

सुचित्रा : बरी आहेत, मावशी. म्हणजे, बाकीची बरी आहेत.

यशोदाबाई : बाकीची?

सुचित्रा : काका कुठे दिसत नाहीत? मला त्यांच्याशीच बोलायचंय.

यशोदाबाई : आत निजलेत, निजू दे. तू च्या घे आधी. बिनसाखरेचा हाय हां. आता आमी सगले असाच पितो.

सुचित्रा : चहा राहू दे. मावशी, कॉलेजच्या प्रयोगासाठी मी तुमच्या बांधावरचा टाकळा नेला होता ना, त्याचं…

यशोदाबाई : ठावं हाय मना. गेल्या महिन्यात याच पायरीवर बसून सांगलंस, टाकळ्याच्या रसानं उंदरांची साखर उतरली. अंगाला आतून गंज चढतो, तो बी कमी होतो, बोल्लीस. आमी आपली फुकटची भाजी म्हनून जलमभर खाल्ली!

सुचित्रा : उंदरांची उतरली. माणसांचं अजून काहीच…

यशोदाबाई : मानसांची बी उतरली. रोज गिलासभर देते यांना. जखम सुकाया लागली, बघ. डॉक्टर बोल्ला व्हता, पाऊल कापायला लागंल. अंगठा तर गेलाच. जलमभर मिठागरान उभा ऱ्हायला मानूस, त्याचं पाऊल कसं जाऊ देऊ मी?

सुचित्रा : रोज ग्लासभर? मी द्या असं म्हटलं नव्हतं, मावशी.

यशोदाबाई : नको देऊ, असं बी नाय बोल्लीस.

सुचित्रा : बरं. त्यांची साखरेची गोळी बंद केलीत का?

यशोदाबाई : येडी समजलीस काय मना? सकाळची गोळी एक दीस चुकली नाय. गोळी बी आन रस बी. एकापरीस दोन बरे.

सुचित्रा : दोन्ही एकदम! पण काका जेवून झोपलेत ना?

यशोदाबाई : आज श्रावनी सोमवार, बाय. दीस मावळल्याबिगर तोंडात घास घालत नाय ते. यंदा चाळिसावं वर्स.

सुचित्रा : म्हणजे सकाळपासून काहीच खाल्लं नाही?

यशोदाबाई : गोळी घेतली, रस घेतला. औषधानं उपास मोडत नाय. आज तर दोन गिलास दिले. रिकाम्या पोटाला गुन लवकर येतो.

सुचित्रा : कधी झोपले?

यशोदाबाई : अकरा वाजले असतील. हात कापत व्हते, घामानं बंडी भिजली. बोल्ले, डोळ्यांपुढं अंधारी येते. मी बोल्ली, साखर उतरतेय, पडा जरा.

सुचित्रा : आता तीन वाजलेत, मावशी!

यशोदाबाई : अगो, तू अशी पांढरीफटक का पडलीस?

सुचित्रा : दोन उंदीर मेले. त्यांना त्या गोळीतलं औषध आणि टाकळा, दोन्ही दिलं होतं. वर उपाशी ठेवलं होतं. आधी थरथरले, मग झोपले, ते उठलेच नाहीत.

यशोदाबाई : कवा?

सुचित्रा : शनिवारी. सर म्हणाले, पुन्हा करून बघू, तोवर बाहेर बोलू नकोस. मी गप्प बसले. तुमच्याकडे फोन असता तर…

यशोदाबाई : फोन नाय, पन रस्ता तर व्हता.

सुचित्रा : चुकलं माझं. आधी त्यांना उठवा. चला!

(दोघी आतल्या खोलीत.)

यशोदाबाई : अवो… अवो, उठा. सुचित्रा आलीय, तिला बोलायचंय तुमच्याशी… बाय, हे हूं का चूं करत नायत गो!

सुचित्रा : श्वास आहे. अंग गार पडलंय. शेजारच्या शिवाला हाक मारा, म्हणावं रिक्षा दाराशी आण. आणि मला साखर द्या, चिमूटभर. हिरड्यांना चोळते. लवकर, मावशी!

यशोदाबाई : साखर?

सुचित्रा : गूळ द्या, मध द्या, काहीही गोड!

यशोदाबाई : तू टाकळ्याचं सांगलंस ना, त्याच दिशी साखरेचा डबा धुऊन पालथा घातला मी. गूळ म्हशीला चारला. घरान गोड काय बी नाय ठेवलं, बाय.