लंगडीचा घास

आप्पा : पण बरणीवर नाव तरी घालायचंस गो. मला वाटलं, सुका जवळाच. म्हटलं दमट असेल, ठेवली पत्र्यावर उन्हात.

मृणाली : आणि आत बारके नाकतोडे उड्या मारताना दिसले नाहीत तुम्हाला?

आप्पा : चष्मा कुठं होता डोळ्यांवर! दुपारी बघतो तर सगळे सुकटीसारखे कडक.

मृणाली : टाकीतल्या बेडकांचं आठवड्याचं खाणं होतं ते. आता दुसरे आणू कुठून? बागेत कालच फवारणी झाली. तिथला किडा घातला तर दोन्ही बेडकं मरतील.

आप्पा : मग हेच घाल. मेला तरी किडाच.

मृणाली : हलल्याशिवाय ती तोंड लावत नाहीत. मोठ्याचं ठीक आहे, तो रोज या लंगडीच्या वाटणीचंही गिळायचा. आज हिला वेगळी ठेवली, तर ही गत. भात कापताना माझ्याच विळ्यानं पाय तुटलाय तिचा, आप्पा. तिनं खाल्ल्याशिवाय मी इथून उठणार नाही.

आप्पा : बेडकीपायी धरणं. तुझ्या माहेरी, मुरुडला, असंच चालतं काय?

मृणाली : खराट्याच्या हिराला नाकतोडा लावून कधीची हलवतेय. नुसती बघते आणि तोंड फिरवते. माझा हात एक तर झटका देतो, नाहीतर थांबतो. तुम्ही बघा जरा.

आप्पा : मला नको सांगू.

मृणाली : हात काखेतून काढा, आप्पा.

आप्पा : हात कापतो ते तुला कोणी सांगितलं?

मृणाली : सांगायला कशाला हवं? पावसाळ्यापासून बघतेय. माझ्यासमोर चहा पीत नाही. कलमं बांधायला गंगारामला बोलावलंत, कंबर दुखते म्हणून. तुमची कंबर ठणठणीत आहे.

आप्पा : चाळीस वर्षं कलमं बांधली गो या हातानं. आता सदऱ्याचं बटण लागत नाय. लाज वाटते. चारचौघांत काय दाखवू?

मृणाली : चारचौघं कुठं आहेत? मी आणि दोन बेडकं. धरा हीर.

आप्पा : पडेल.

मृणाली : पडला तर दुसरा देईन. बरणीभर आहेत, तुमच्या कृपेनं.

(आप्पा उकिडवे बसून हीर टाकीत धरतात.)

आप्पा : बघ. थांबत नाय मेला हात.

मृणाली : थांबवू नका. तसाच हलू दे. वळली ती.

आप्पा : गप.

मृणाली : पुढं आली.

आप्पा : गप म्हटलं ना.

मृणाली : गिळला.

आप्पा : होय गो. गिळला.

मृणाली : आप्पा, डोळे पुसा.

आप्पा : दुसरा लाव हिराला. आणि ऊठ आता, चहा टाक. माझा इथंच आण.