सात तऱ्हेचा पांढरा

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावर बसलेले नगरपालिकेचे सन्माननीय सभासद, आपल्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकाबाई, माझे शिक्षकबंधू, पुढच्या रांगेत दवनीवाड्याहून बैलगाडीने आलेले वयोवृद्ध दुलीचंदजी, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या विद्यार्थिनींनो आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या उत्सवमूर्ती सावित्रीबाई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. शालीकराम मास्तरांची पाच मिनिटं म्हणजे काय, हे या गोंदियात कुणाला सांगायला नको. अध्यक्षमहाराजांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मी पाहिलं. राहू द्या. आज मी फार बोलणार नाही, कारण जे बोलायचं आहे ते अठरा वर्षं राहून गेलं आहे.

आज निरोप घेणाऱ्या सावित्रीबाईंनी या शाळेत चोवीस वर्षं शिवण शिकवलं. एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांचे यजमान बिसराम गेले, पदरात नऊ वर्षांची रुख्मा, आणि दोन वर्षांनी बाई इथं कामाला लागल्या. त्यांच्या हाताखालून किती मुली गेल्या, सुई किती सरळ चालली, हे आधीच्या वक्त्यांनी फार सुंदर सांगितलं. मी त्यात काय भर घालू? मी गणित आणि वस्तुपाठ शिकवणारा माणूस. मला साधं बटण लावता येत नाही, हे माझ्या कोटाकडे पाहून आपण ओळखलंच असेल.

तर वस्तुपाठ. दरवर्षी मी मुलींना पुठ्ठ्याची एक चकती दाखवत असे. तिच्यावर सात रंगांच्या पाकळ्या, मधून दोरा, दोरा पिळून ओढला की चकती गरगर फिरायची. मी विचारायचो, आता कोणता रंग दिसतो? आणि सगळ्या मुली एका सुरात म्हणायच्या, पांढरा. खरं सांगू का? पांढरा दिसायचा नाही. राखाडी दिसायचा, चुलीतल्या राखेसारखा. आपल्या पुड्यांतले रंग तेवढे शुद्ध कुठून असणार? पण पुस्तकात पांढरा लिहिलं होतं, म्हणून मी म्हणा म्हणायचो आणि पोरी म्हणायच्या. एकदा मुलांच्या शाळेतले चित्रकलेचे केवलराम मास्तर दारात उभे राहिले. नागपूरला शिकून आलेले, बोलण्यात तरबेज. ते हसून म्हणाले की मास्तर, हा पांढरा नव्हे, ही राख आहे, आणि चित्रकलेत तर पांढरा म्हणजे जिथं रंग लावायचा राहिला ती जागा. पोरी खिदळल्या. मला फार लागलं ते.

त्याच दिवशी दुसऱ्या दारात सावित्रीबाईही उभ्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी चकती पाहिली आणि माझं सांगणं ऐकलं. वर्गात जे कुणालाच दिसलं नाही ते त्यांना दिसलं.

आता एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लेकीचं पहिलं बाळंतपण आलं की आईनं आपल्या घरच्या जुन्या, मऊ कपड्यांची गोधडी शिवायची आणि ती घेऊन लेकीकडे जायचं. कापड घरचंच हवं, मागून आणलेलं चालत नाही, विकतचं तर नाहीच. रिकाम्या हातानं आई बाळंतिणीच्या उंबऱ्यावर जात नाही. रुख्मा दवनीवाड्याला दिलेली. बाईंच्या एका खोलीत बाळंतपण कसं व्हायचं, म्हणून ते सासरीच ठरलं. आणि गोधडीला घरात कापड काय होतं? बाईंची रंगीत लुगडी वैधव्य आलं त्याच आठवड्यात भावजयीला देऊन झाली होती. उरली बिसरामची दोन धोतरं, त्यांची स्वतःची पांढरी लुगडी, रुख्माचं लहानपणचं झबलं, उशीचा एक जुना मांजरपाटाचा अभ्रा. झाडून सगळं पांढरं.

दुलीचंदजी, आपण रुख्माचे सासरे. आपण निरोप धाडला होता की पांढरं कापड आमच्या बाळावर पडायचं नाही. तेव्हा तुमच्या विहिणीनं उलट निरोप पाठवला की पांढऱ्यात सात रंग असतात, आमच्या शाळेतले मास्तर सांगतात. त्यावर आपण म्हणालात, मास्तरांनी तसं लिहून दिलं तर घेतो. हे खोटं असेल तर मला इथंच थांबवा.

आणि म्हणून सावित्रीबाईंनी ती गोधडी नगरपालिकेच्या हस्तकला प्रदर्शनात मांडली. सन एकोणीसशे सव्वीस, मार्गशीर्ष महिना. विभाग होता रंगीत गोधडीचा, आणि नियम होता की निदान सात रंग हवेत. परीक्षक दोघे, केवलराम मास्तर आणि मी; शेरा लिहून गोधडीला लावायचं काम माझं.

लाल-हिरव्या-पिवळ्या गोधड्यांच्या ओळीत ही एक पांढरी. मी खाली वाकून पाहिली. धोतराचा तुकडा वेगळा, धुऊन धुऊन पिवळसर झालेला. लुगड्याचा वेगळा, त्यात निळीची झाक. मांजरपाट वेगळा, बारीक काळपट कणांचा. झबल्याचा अगदी दुधाळ. मी बोटानं एकेक मोजले, बरोबर सात भरले. सात तऱ्हेचे पांढरे, आणि त्यावर पांढऱ्याच दोऱ्यानं घातलेला धावदोरा, इतका बारीक की हात फिरवला तरच कळावा. त्या बाईनं माझा धडा शिवून आणला होता हो. माझ्या आजवरच्या शिकवण्यात एवढं मन लावून माझा धडा कुणी गिरवला नाही.

बाई पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी दवनीवाड्याच्या निरोपाचं मला काही सांगितलं नव्हतं. कशाला सांगतील? मास्तर खरं तेच लिहितील, एवढा साधा त्यांचा हिशोब. केवलराम माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, काय मास्तर, ही राख बसवायची का रंगात?

आज केवलराम हयात नाहीत. त्यांच्यावर ढकलून मोकळं होणं सोपं आहे, पण लेखणी माझ्या हातात होती. पुन्हा हसं होईल म्हणून मी भ्यालो. चार माणसांसमोर त्या चकतीचा विषय निघेल म्हणून भ्यालो. मी चिठ्ठीवर लिहिलं, “रंग नाही. विभागाबाहेर.” खाली सही ठोकली आणि चिठ्ठी गोधडीच्या कोपऱ्याला टाचली. बाईंनी वाचली, गोधडीची घडी केली, आणि ती घेऊन गेल्या.

पौषात रुख्मा बाळंत झाली. मुलगी झाली. चौथ्या दिवशी रुख्मा गेली. आई दवनीवाड्याला निघून मुर्रीच्या रस्त्यापर्यंत जाऊन दोनदा परत फिरली होती, हातात नेण्यासारखं काही नव्हतं म्हणून. रुख्मा आई आली का म्हणून विचारत होती, असं मागाहून कळलं. सवाष्णीचं मरण, म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, सगळे रंग तिच्या अंगावर होते. आई तेव्हा पोचली.

मी तेराव्याला गेलो होतो. दुलीचंदजी, आपण ओसरीवर बसला होता. रागानं नव्हे, थकून बोललात, “मास्तर, तुमी दोन अक्षरं लिवली असती त मी घेतली असती.” त्या क्षणापर्यंत मला ठाऊक नव्हतं की मी काय लिहिलं आहे. आणि कळल्यावर तरी मी काय केलं? घरी आलो आणि ती चकती चुलीत घातली. सावित्रीबाईंकडे गेलो नाही. अठरा वर्षं एका छपराखाली काम केलं, रोज नमस्कार केला, पावसापाण्याचं बोललो. याला काय म्हणावं? मी तर याला भेकडपणा म्हणतो.

गेल्या आठवड्यात बाईंचं कपाट रिकामं करताना ती गोधडी निघाली. कोपऱ्यात माझी चिठ्ठी, आता टाचणीनं नव्हे, चारही बाजूंनी शिवलेली. मी विचारलं, बाई, हे फाडून का नाही टाकलं? त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता.

“तुमच्या हातचं होतं मास्तर. तुमी सांगतलं तवा पांढऱ्यात सात रंग होते, तुमी लिवलं तवा नव्हते. मले का समजते त्यातलं?”

पोरींनो, बाई तुम्हाला सांगतात ना, की गोधडीत पांढरा घेऊ नका, तो रंग नव्हे? ते त्या माझ्याकडून शिकल्या.

उद्या बाई मुर्रीला भावाकडे राहायला जातील. रुख्माची मुलगी वच्छला आता अठराव्यात आहे. आजोबांशेजारी बसली आहे, तिला सातवा महिना आहे, पहिल्या बाळंतपणाला त्यांच्याकडेच आली आहे. आईच्या जागी गोधडी आजीनंच द्यायची. पण आजीनं तिला सांगितलं आहे की मी तुला बाजारातून रंगीत कांबळं घेऊन देईन, माझ्या घरात गोधडीजोगं कापड नाही.

अध्यक्षमहाराज, घड्याळाकडे माझं लक्ष आहे, संपवतो. संस्थेनं मला बोलण्याची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, ज्यांनी हा मंडप घातला आणि चहा केला त्यांचेही उपकार मानतो. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणतात. माझं कमीजास्त बोलण्यात झालेलं नाही, लिहिण्यात झालं. त्याची क्षमा मी सभेकडे मागत नाही. सावित्रीबाई, ती तुमच्याकडे मागतो, आणि तुम्ही ती द्यावीच असा माझा हक्क नाही.

ही ती गोधडी. जुन्या चिठ्ठीशेजारी मी नवी लावली आहे, वाचून दाखवतो: “पांढरा. सात तऱ्हेचा. मी मोजला आहे. रंग आहे.” खाली माझी सही आणि आजची तारीख.

दुलीचंदजी, आपण म्हणाला होता, मास्तरांनी लिहून दिलं तर घेतो. लिहून आणलं आहे. फार उशीर झाला आहे, ते मला ठाऊक आहे. वच्छलासाठी घेता का?

सावकाश उठा. वच्छला, आजोबांचा हात धर. इथं एक पायरी आहे.