सातपुड्यातला लाजाळू पक्षी

हसायचं तर आधीच हसून घ्या, कारण या पक्ष्यानं माझी पार शोभा केली.

रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या संग्रहात किडे, वाळवलेली पानंफुलं आणि पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज ठेवतात. आवाजांचं काम माझ्याकडे. एकदा रेकॉर्डिंग ऐकताना मधेच ‘चीं-चुक, चीं-चुक’ असं ऐकू आलं. कुठल्याच पक्ष्याशी ते जुळेना. जंगलातल्या पुढच्या फेरीत नाल्यातही तेच, टेकडीवरही तेच. म्हटलं, नवा पक्षी सापडला! एरंडोलला घरी फोन केला, तर आईनं गल्लीत पेढे वाटले.

मग पुण्याहून पक्षीतज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांनी डोळे मिटून रेकॉर्डिंग ऐकलं.

“पक्षी दिसला का?”

“नाही ना. मी थांबलो की गप्प होतो. फार लाजाळू आहे.”

“आणि चालायला लागलात की?”

“लगेच ओरडतो!” मी छाती फुगवून सांगितलं.

“जरा दारापर्यंत चालून दाखवता?”

मी नुकताच जंगलातून आलो होतो, पायात बूट तसेच होते. चाललो. चीं-चुक, चीं-चुक.

आमचे केंद्रप्रमुख नाना एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलतात. पण हसता हसता ते थेट अमळनेरच्या बोलीवर आले, “आरे भाऊ, हाऊ ते तुना बूट शे!”

माझ्या डोळ्यांपुढे पेढे खाल्लेली सगळी गल्ली उभी राहिली. मॅडम मात्र गंभीरपणे म्हणाल्या, “बूट संग्रहात जमा करा. नर आणि मादी, जोडीच मिळालीय.”