मक्याच्या रानावरचा ससाणा

माझं नाव सुनंदा, माहेर बार्शीकडचं, वडील एसटीत ड्रायव्हर, आणि मी हितं शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलला शाळेची पिवळी बस चालवते. मंडळाच्या गणपतीत अजून एखादी नवी आलेली मुलगी विचारते, काकू तुम्ही काय करता, आणि मी सांगितलं की तिला वाटतं मी गंमत करतेय.

लग्न करून आले तेव्हा यांची सॉफ्टवेअरची नोकरी, मी घरात. दोन हजार एकला यांचा ले-ऑफ झाला, ग्रीन कार्ड तेवढं आधी हातात आलं होतं ही देवाची कृपा, पण हे दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. मग मी पेपरात बघितलं, बस ड्रायव्हर पाहिजेत, ट्रेनिंग देऊ. हे म्हणाले, बर्फात चालवशील? म्हणलं, शिकवतील की. पहिल्या हिवाळ्यात हात कापायचे माझे, खोटं कशाला बोलू, पण शिकले. पुढं यांना नोकरी लागली, तरी मी बस सोडली नाही.

माझा रूट गावाच्या कडेचा, एका बाजूला नवी घरं, दुसऱ्या बाजूला नुसतं रान, मक्याचं, सोयाबीनचं. तिथं तारेवर एक पक्षी बसायचा, पारव्याहून लहान म्हणा ना, पाठ विटकरी, पंख निळसर, डोळ्याखाली काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ. उडाला की हवेत एकाच जागी फडफडत थांबायचा आणि मग खाली झेप. माझ्या बसवर मदतनीस होती मार्था, रिटायर्ड नर्स, माझ्या आईच्या वयाची, सुट्टीच्या दिवशी जखमी पक्ष्यांच्या केंद्रात जायची, ती म्हणाली हा केस्ट्रल, हितला सगळ्यात छोटा ससाणा. लाल शेपटीचे मोठे शिकारी पक्षी घरांच्यात पण राहतात, रस्त्याच्या दिव्यावर बसतात बघा, याला मात्र मोकळं रान लागतं, उंदीर-नाकतोडे लागतात, आणि घर स्वतः बांधत नाही, वाळलेल्या झाडाची ढोली शोधतो. मी म्हणलं, म्हणजे भाडेकरूच की आमच्यासारखा.

आणि रानं तर विकली जात होती. एका वर्षी मका, दुसऱ्या वर्षी माती सपाट, तिसऱ्या वर्षी घरं. मी कुणाला नावं ठेवू, आमचं घरही सोयाबीनच्याच रानावर, आणि जितकी घरं तितकी पोरं, जितकी पोरं तितक्या बसेस.

मग एका वर्षी मे महिन्यात, त्याच्या झाडावर, वाळलेलं कॉटनवुड होतं ते, पाडायच्या झाडाला करतात तशी केशरी रंगाची फुली दिसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुंध्यापाशी मशीन. मार्था म्हणाली ढोलीत पिल्लं आहेत सुनंदा. बसमध्ये पोरं भरलेली, थांबता येईना. शाळेत पोरं सोडली, बस यार्डात लावली, आणि दोघी माझ्या गाडीतून तडक तिथं. बांधकामाच्या साइटचा मुख्य डेल नावाचा, दाराएवढा माणूस. मार्थानं कायदा सांगितला, पिल्लं असताना झाड पाडता येत नाही, तो म्हणाला माझं शेड्यूल तुम्ही सांभाळणार का, तिचा आवाज चढला, त्याचा चढला. काय सांगू तुम्हाला, माझं इंग्रजी भांडणाचं नाही. मी आपलं म्हणलं, प्लीज, एक मिनिट मशीन बंद करा. त्यानं माझ्याकडं बघितलं, काय मनात आलं देव जाणे, हात वर केला. मशीन थांबली. आधी नुसता वारा. मग नर आला, पायात उंदीर धरून, ढोलीच्या तोंडाशी बसला, आणि आतनं एकदम किलीकिलीकिली, सगळी पिल्लं एका वेळी, उपाशी पोरांचा कालवा असतो ना, तसा.

डेलनं डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, किती दिवस? मार्था म्हणाली, दोन-तीन आठवडे. तो लांब जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलला, बराच ओरडला, आम्ही चिखलात उभ्या. परत आला नि म्हणाला, आधी पलीकडचा रस्ता करून घेतो. आणि झाडाभोवती पट्टी त्यानं स्वतः बांधली.

शाळा संपता संपता पिल्लं उडाली. झाड मग पडलंच, ते कुणाला चुकवता आलं नाही, मी रडले. पण डेलच्या माणसांनी नव्या कॉलनीच्या तळ्याकाठच्या गवतात खांब रोवला, मार्थानं वर ढोलीसारखी लाकडी पेटी बसवली. पहिल्या वर्षी दुसऱ्याच पक्ष्यांनी ती बळकावली, मार्थानं साफ केली. त्याच्या पुढच्या वर्षी ससाण्यांची जोडी आली. मी बसमध्ये एवढ्यानं ओरडले की पोरं घाबरली.

आता दोन हजार आठ. घरांचा बाजार बसला, कॉलनी अर्धी तशीच पडून आहे, प्लॉटवर कंबरेएवढं गवत. काही लोकांची घरं बँकेनं घेतली, माझ्या रूटवरची पोरं कमी झाली, रोज ज्या दारापाशी थांबायचे तिथं आता थांबत नाही, ते बघवत नाही. आणि त्याच गवतावर ससाणे फडफडतात, यंदा दोन जोड्या. कुणाच्या वाईटात आपण आनंद मानू नये, एवढं कळतं मला. उद्या बांधकाम परत सुरू होईल, व्हायलाच पाहिजे. मार्था लेकीकडं ॲरिझोनाला गेली, फोन करते, यांची तब्येत बरी आहे, माझे हात अजून स्टिअरिंगवर पक्के आहेत, लई दिलं देवानं. ज्याचं घर गेलं त्याला परत घर मिळो, आणि ते मिळेपर्यंत त्या गवतात उंदीर भरपूर होवोत.