हारुको मावशीचा भात

मी मूळची कराडकडची. मालक गेल्यावर पुन्यात येऊन मेस काढली, रोज तीसेक पोरं जेवायची, त्यातच माझा महेश शिकला, इंजिनियर झाला, हिकडं अमेरिकेत सनीव्हेलला आला, सिटिझन झाला आनि माझं ग्रीनकार्ड करून मला घिऊन आला. कमी काय न्हवतं, पन काय सांगू तुमास्नी ताई, तुमी शेजारीच ऱ्हाता, तुमाला ठावं हाय, सकाळी पोरगा-सून कामावर गेली की अपार्टमेंटमदी मी आनि घरघर करनारा फ्रिज.

एक दिवस चालाय गेले तर निखाऱ्याचा वास. खरा कोळसा, ताई. वासामागं गेले तर एका हाटेलाच्या मागल्या दारात एक जपानी म्हातारी भांडी घासत हुती. ती हारुको मावशी. हाटेल तिचं, महेशच्या जल्माआधीपासनंचं. काडीला टोचून भाजलेली कोंबडी, तिला याकितोरी म्हनत्यात, आनि लहान लहान लोखंडी भांड्यात, ज्याचं त्याला येगळं, शिजवलेला भात. कोंबडी भाजायला आचारी हाय, पन भाताला ती कुनाचा हात लागू देत न्हवती. भांड्याला मानूस पायजे हुतं. महेश म्हनाला, आई, यू डोन्ट नीड टू. मी म्हनलं, मला ठाऊक हाय रे, तरी जानार.

त्या भाताचं झाकन मदी उघडत न्हाईत बगा, आवाजावर शिजवायचा. आदी खदखदतो, मंग आवाज बारीक हुतो, मंग पानी आटलं की तडतडाय लागतो, तवाच आच बंद करायची, म्हंजी तळाला सोनेरी खरवड धरती. मी मेसला असाच शिजवायची, म्हनून माझे कान आपसूक तिकडं. आनि माझ्या ध्यानात आलं, मावशी कान लावून बसती पन तिला आता तो बारीक आवाज ऐकूच येत न्हाई. भात करपाय लागले. जुनी गिऱ्हाइकं भिडंखातर काळी खरवडबी खायची, पन तिला कळत हुतं. एका सकाळी तिनं आमाला सांगितलं, म्हैनाअखेर बंद करनार.

त्याच दुपारी भात तडतडला आनि ती तशीच बसून. मी घासनी टाकली, गेले आनि गॅसचं बटन फिरवून आच बंद केली. तिनं माझ्याकडं असं बघितलं, मला वाटलं गेली नोकरी. थोडा येळ वाफ मुरू दिली, मंग झाकन काढलं. काय सोनेरी खरवड धरली हुती! तिनं लगीच दुसरं भांडं चढवलं, मला भिताडाकडं त्वांड करून उभं केलं, आनि तिच्या मोडक्या विंग्रजीत, माझ्या नावाला मानाचं सान लावून म्हनाली, सुमन-सान, तू सांग कधी.

मी डोळे मिटले. खदखद थांबली, आवाज बारीक झाला. आचाऱ्यानंबी निखाऱ्यावरचा पंखा हलवायचा थांबवला. मी म्हनलं, नाऊ.

असं चार भांडी, ताई. चारीबी तशीच उतरली. चौथ्याला मावशी स्टुलावर बसली आनि हसाय लागली, हसताहसता रडाय लागली, मीबी लागले. म्हनाली, डोळे माझे, कान तुझे. तांदूळ धुनं, मापायचं, मसाला, समदं तिनं हाताला धरून शिकवलं. हाटेल काय बंद झालं न्हाई.

आता ऐका. जपानात तिची थोरली भन हाय. भात सोडून जाता येत न्हाई म्हनून किती वर्सं झाली, दोघी भेटल्याच न्हाईत. आज सकाळी महेशनंच तिला एअरपोर्टला सोडलं, म्हैनाभर जातीय. जाताना तिनं किल्ली माझ्या हातावर ठिवली. मी आपल्या रीतीनं पाया पडले, तिला काय कळंना, ती माझ्यापरीस खाली वाकली. सुखानं जाऊ दे, भनीच्या गळ्यात पडू दे. आनि तुमी उठा ताई आता, चला माझ्यासंगं, मी भाताला बसनार, भांड्याला मानूस पायजे, अकराला गिऱ्हाईक येतंय.