बेलभंडार न उचललेल्याचं घर

न्हाई हो किशनराव, कोणी सांगितलं तुमाला? – देव्हारा हाय ना, तो काय समोर – रोज दिवा लागतो, मीच लावते. कमलसुद्धा सोमवार धरती. सून म्हणून तुमी तिला न्यायलाव, तिच्या बापाला थोडंच न्यायचंय तुमच्या गावाला, हट्ट्याला. – व्हय, ते न्हाई मानत देवाला. गावाला ठावं हाय, मी काय झाकू? तुमी येणार म्हणून मीच शेतात पाठवलं त्यांला, न्हाईतर बोलून बसले असते कायतरी.

पन माणूस वाईट न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात मजुरांना बराबर हजेरी मिळावी म्हणून तहसीलीच्या दारात बसून राहिले होते, उपाशी. त्याच्यामुळंच तर लोकांनी पंचायतीत निवडून दिलं. सरपंच तेच होणार, सगळे म्हणत होते. मग दुसरा मेंबर उकंडराव, त्यानं काय केलं – त्याला सोताला सरपंच व्हायचं होतं ना – सगळ्या मेंबरांना मारुतीपुढं नेलं. म्हणे, बेलभंडार उचलून शपथ घ्या, कोणी फुटणार न्हाई म्हणून. सगळ्यांनी उचलला. ह्ये म्हणले, "माझा शब्द हाय, तेवढा पुरं न्हाई का?" न्हाई पुरला. उकंडराव म्हणला, "ज्याला देवाचं भेव न्हाई, त्याचा काय भरवसा?" – झालं. उकंडराव सरपंच. तवापसून आमाला पंगतीचं बोलावणं न्हाई. ज्या मजुरांसाठी बसले होते, तेबी न्हाई येत आमच्या खुरपणीला. उकंडरावाला कोण दुखवणार?

– न्हाई, पोरगा न्हाई आता. होता. कमलच्या पाठचा. हगवण लागली उन्हाळ्यात. ह्ये त्याला घेऊन वसमतच्या दवाखान्यात बसले, मी अनवाणी औंढ्याला गेले, नागनाथाला नवस बोलले. डाक्टरबी कामा आला न्हाई, नवसबी न्हाई. पुरायला ह्येच एकटे घेऊन गेले. गावातलं कोणी आलं न्हाई. पाण्यावर बाया म्हणल्या, बापाचं पाप लेकरानं फेडलं. मी ऐकून घेतलं, घागर भरली, घरी आले, देव्हाऱ्यापुढं बसले – आन् काय सांगू किशनराव, मला काय वाटलंच न्हाई. रागसुद्धा न्हाई आला. तिथं कोणी हाय असंच वाटंना. तवापसून असंच हाय. ह्ये निदान चारचौघांत बोलून मोकळे होतात, मला पोरीपायी तेबी –

म्हंजे, तसं न्हाई. मी काय म्हणत होते – कमल सोमवार धरती, मनापासून धरती. माझं काय, मी आपली बोलून गेले. तिच्यावर नका घेऊ. – काहून उठलाव? पोहे घेऊन येऊनच राहिली ती. पोरगी तरी बघा. हात जोडते तुमाला, नुस्तं बघून तरी जा. – बरं. वाडीवरून जाऊ नका, रस्ता उखडलाय तिकडं.

कमल, राहू दे गं. ते गेले. चांगलं लुगडं काढून ठेव, तूर निसायची राहिली हाय.