चिखलासकट मोजलेलं पाणी

(दक्षिण इराकमधल्या दलदलीतली, बोरूच्या काड्यांनी बांधलेली शाळा. सकाळ. इब्तिहाल, म्हणजे शाळेच्या बाई, ज्यांना इथे सगळे ‘सित्त’ म्हणतात; सहावीतली नशमिया आणि दारात तिचा बाप अबू हातिम, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला.)

अबू हातिम : मग कागदावर पाणी आहे आणि ओढ्यात नाही, हे कसं काय, सित्त? तेवढं सांगा, मी जातो.

इब्तिहाल : आधी बसा तरी. झालंय काय?

अबू हातिम : बसत नाही, तुमची चटई खराब होईल. म्हैस गेली माझी. गाभण होती. आमच्याकडचं तळं खारट झालं, म्हणून पहाटे कळप तुमच्या ओढ्यावर आणला. पहिली उतरली ती पोटापर्यंत रुतली. चौघांनी दोर लावून ओढली. हाताशी आली तेव्हा मान टाकली होती तिने.

इब्तिहाल : अरे देवा! नशमिया, तू बोलली नाहीस.

अबू हातिम : ती काय बोलणार? हा घ्या तुमचा आलेख. हिने घरी आणून भिंतीला लावला. दर रविवारी पाच घरांच्या लोकांना बसवून वाचून दाखवला. गेल्या रविवारी काय, तर दर आठवड्याला सहा सेंटीमीटर उतरतंय, ओढ्यात साठ उरलंय, म्हणजे दहा आठवडे. वाचलंस ना गं असंच?

नशमिया : हो, बाबा.

अबू हातिम : बाकीची वस्ती महिन्यापूर्वीच नदीकडे गेली. आम्हाला वेडे म्हणत गेली. आम्ही पाच घरं थांबलो. का? तर पोरीच्या सरकारी छापील वहीत लिहिलंय. ह्याच वहीत धडा आहे ना, दात घासताना नळ बंद ठेवा? तेव्हाच मला कळायला हवं होतं, ही वही कुठल्या माणसांनी लिहिलीय ते. नळ कुठून आणू मी, बंद करायला?

इब्तिहाल : धडा बगदादहून येतो, अबू हातिम. पण मोजमाप आमचं आहे. वहीत होतं, तुमच्या परिसरातली एक गोष्ट दर आठवड्याला मोजा आणि आलेख काढा. मी म्हटलं, पाणीच मोजू. जानेवारीपासून दर रविवारी मुलांनी मोजलंय. मी स्वतः काठावर उभी असते. आकडे चुकलेले नाहीत.

अबू हातिम : मोजलं कशाने?

इब्तिहाल : ही नावेची काठी. हिच्यावर खुणा केल्यात.

अबू हातिम : आणि पाण्यात धरली कशी?

इब्तिहाल : सरळ. घट्ट रोवून. हलली तर आकडा चुकतो ना, म्हणून पुढे जाईना इतकी दाबायची, असं मीच...

अबू हातिम : हं.

इब्तिहाल : काय झालं?

अबू हातिम : सित्त, तुम्ही नासिरिया शहरातल्या. तिथे रस्त्याखाली जमीन असते. इथे काठी टेकते तिथे तळ नसतो, तिथून चिखल सुरू होतो. दाबाल तितकी जाते. हे बघा, काळं कुठपर्यंत चढलंय. पट्टी लावा इथे.

इब्तिहाल : ...अठ्ठेचाळीस.

अबू हातिम : साठातले अठ्ठेचाळीस चिखल.

इब्तिहाल : म्हणजे बारा. दोन आठवडे. या अल्ला, मी पोरांना चिखल मोजायला लावला. पाच महिने.

अबू हातिम : तुम्हाला काय बोलू? मी जन्मभर हीच काठी मारतोय. नाव बोटभर पाण्यावरही सरकते, म्हणून वरून सगळं पाणीच दिसतं. पण एकदा हात घालून बघायला काय झालं होतं मला? नाही बघितलं. पोरगी वाचते, याचीच ऐट मला. चारचौघांत सांगत फिरलो.

इब्तिहाल : नशमिया, तुम्ही मुलं तर नावेतच वाढलात. एकानेही मला सांगू नये?

नशमिया : आमच्यातली हसना सांगणार होती. मी तिला गप्प केलं.

अबू हातिम : काय म्हणालीस?

नशमिया : मला पहिल्याच रविवारी कळलं होतं, बाबा. पण सित्तनी घट्ट रोवा म्हटलं, म्हणून रोवली. नंतर आलेख काढला तर पाणी सहावीच्या परीक्षेनंतरही पुरत होतं. खरं काढलं असतं तर परीक्षेच्या आधीच संपलं असतं. मग तुम्ही मला घेऊन गेला असता.

अबू हातिम : आणि म्हशी? तुझी आई दिवस भरलेली, ती? पाच घरं?

नशमिया : मला वाटलं, पाऊस येईल.

अबू हातिम : पाऊस! मे महिन्यात!

इब्तिहाल : मारू नका तिला! माझ्यासमोर तरी नाही.

अबू हातिम : हात उचलला नाही मी. काठी बाजूला ठेवतोय.

इब्तिहाल : परीक्षा चार आठवड्यांवर आहे. हिच्यासारखी मुलगी ह्या शाळेत मी पाहिलेली नाही. माझ्याकडे ठेवा तिला. नासिरियात, माझ्या आईजवळ राहील. पेपर झाले की मी स्वतः आणून सोडते.

अबू हातिम : तुमचं मन मोठं आहे, सित्त. पण सात म्हशी उरल्यात आणि हिच्या हाताशिवाय एकही पान्हा सोडत नाही. हिची आई आता वाकू शकत नाही. दूध नाही तर नदीपर्यंत चार दिवस खायचं काय? आजच निघायला हवं.

इब्तिहाल : मग सहावी?

अबू हातिम : सहावीचं मला विचारू नका. मला ते हवं होतं, हे तुम्हाला माहीत आहे.

नशमिया : सित्त, हजेरीतून माझं नाव खोडाल?

इब्तिहाल : परीक्षेपर्यंत मी खोडणार नाही. पुढचं माझ्या हातात नाही, बाळ.

अबू हातिम : चल. आधी त्या चार घरांत जायचं. कागद घे, खरा आकडा घाल आणि वाचून दाखव.

इब्तिहाल : मी येते. चूक माझी आहे, मीच सांगते त्यांना.

अबू हातिम : तुमचं ऐकतील, मान हलवतील आणि जागचे हलणार नाहीत. तुम्ही पाहुण्या. माझंही नाही ऐकायचे, मीच त्यांना थांबवलं. हिने वाचलेलं मात्र ते ऐकतात.

नशमिया : बाबा, मला आधीपासून माहीत होतं, हेही सांगायचं?

अबू हातिम : ते पहिलं सांग.